कढईसरांची रांग

लग्नाच्या पंगतीतून उठून आचाऱ्याच्या कढईत छाती घालणारा इतिहासाचा प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला. लग्न निमगाव केतकीला होतं, आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कच्या मुलीचं. पहिली पंगत बसली होती, पानात बुंदी पडली होती, आणि सर पान तसंच सोडून मांडवाच्या मागं गेले ते परत आलेच नाहीत. मी शोधत गेलो. मागं भांडी घासायची जागा होती. तिथली जर्मनची भलीमोठी कढई उचलून सरांनी छातीशी धरली होती. डोळे मिटले होते. मोठमोठे श्वास घेत होते आणि सोडत होते. भांडी घासणाऱ्या दोघी बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"ढकला," सर मला म्हणाले. "पुढून. चांगला जोर लावा."

मी इकडंतिकडं बघितलं आणि कढईच्या बुडाला हात लावून ढकललं. अंगावर नवीन सदरा होता आणि बुडाची काजळी कोपरापर्यंत आली. "आणखी," ते म्हणाले. आणखी ढकललं. ते चार पावलं मागं गेले, चुलीच्या राखेत बसले आणि तिथूनच समाधानानं म्हणाले, "श्वास घेता येतोय." त्यांच्या बायको तिकडं पंगतीत एकट्याच जेवून उठल्या. त्यांना सवय असावी.

मी त्या कॉलेजात तेव्हा तात्पुरता होतो. बारामतीहून इंदापूरला जाताना रस्त्याला लागूनच ते कॉलेज होतं. तिथल्या इतिहास विभागात आम्ही दोघंच: विभागप्रमुख म्हणजे सर, आणि उरलेला सगळा विभाग म्हणजे मी. जूनमध्ये नेमणुकीचं पत्र मिळायचं, एप्रिलमध्ये नारळ. अशी चार वर्षं काढली होती. येत्या जूनला विभागात एक कायमची जागा निघणार असं बोललं जात होतं, आणि ती मला मिळणार की बाहेरच्या कुणाला, हे प्रमुखांच्या शिफारशीवर आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीवर होतं. फलटणकडच्या एका मुलीची माणसं "पक्के झालात की कळवा" म्हणून थांबली होती. तेव्हा मी कढई ढकलली नसती तर काय केलं असतं? सरांनी विहिरीत उतरायला सांगितलं असतं तरी मी पँट दुमडायला लागलो असतो.

सरांचं वेड थोडक्यात सांगतो. ते स्वतः कधी थोडक्यात सांगायचे नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक लोक मोठ्या गोल ढाली आणि लांब भाले घेऊन, खांद्याला खांदा भिडवून, रांगेमागं रांग लावून लढायचे. दोन्हीकडच्या रांगा एकमेकींवर आदळल्या की पुढं नेमकं काय व्हायचं, यावर विद्वानांत भांडण आहे. काहींचं म्हणणं, मागच्या रांगा आपल्या ढाली पुढच्याच्या पाठीला लावून अक्षरशः रेटायच्या, सगळी लढाई म्हणजे एक मोठी रेटारेटीच. काहींचं म्हणणं, असं केलं तर पुढचे श्वास कोंडूनच मरतील. सरांकडं यावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. ते पुण्याच्या फुटपाथवरून आणलेलं, त्याला मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटची वीसेक पानंही नव्हती. म्हणजे लेखकाचा निष्कर्ष काय, ते सरांना कधी कळलंच नाही. शहाण्या माणसानं दुसरी प्रत मिळवली असती. सरांनी माणसं जमवली.

"पुस्तकाला बरगड्या नसतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. "रेटून बघितल्याशिवाय कळायचं नाही." हे ते वर्गात म्हणायचे, स्टाफरूममध्ये म्हणायचे, एकदा एसटीत चढताना मागून लोटणाऱ्या बाईलाही म्हणाले. त्या बाईनं दिलेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही. परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकाला ते महिन्याला एक पत्र लिहायचे, आकृत्यांसह. त्याचं एकही उत्तर आलं नाही, आणि सर दर वेळी दोष पोस्टाला द्यायचे.

बरं, हा माणूस अंगापिंडानं तरी योद्धा असावा. सर म्हणजे खुंटीला अडकवलेला सदरा. घरात पाल निघाली तर शेजारच्या वाण्याला हाक मारायचे. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला मराठे होते, दुसऱ्याला इंग्रज होते, ग्रीक कुठंच नव्हते. तरी तीन वर्षांत विद्यार्थ्यांना ग्रीकांचं सगळं माहीत व्हायचं आणि पेपरात मराठ्यांवर प्रश्न यायचा. हजेरीसुद्धा ते नावानं घ्यायचे नाहीत. एकेकाला उभं करून विचारायचे, "तुझ्या उजवीकडं कोण बसतो?" नाव सांगता आलं नाही तर दोघंही गैरहजर. कारण विचारलं तर म्हणायचे, "उजवीकडचा कोण ते माहीत नसेल तर तू वर्गात असून नसल्यासारखाच." पोरं मागून नकला करायची. नकला करणाऱ्यांना उत्तेजन कोण द्यायचं हे मी सांगायला नको. सरांच्या तोंडावर मी "अगदी बरोबर सर" म्हणायचो आणि स्टाफरूममध्ये कपबशी छातीशी धरून त्यांच्यासारखे श्वास घेऊन दाखवायचो. चहा पिणाऱ्यांना ठसका लागायचा.

कढईच्या आधी बॅरलची झाकणं होती. माळेगावच्या एका भंगारवाल्याकडून सरांनी ऑइलच्या बॅरलची सपाट झाकणं आणली होती. कॉलेजमागं ऊस तुटून गेलेलं रान होतं, तिथं पहिला प्रयोग झाला. मला सगळ्यात पुढं उभं केलं, छातीवर झाकण, माझ्या मागं तीन पोरं, समोर तसेच चार. सरांनी शिट्टी मारली. मागून तिघं, पुढून चौघं, मध्ये मी आणि एक झाकण. सहा आकडे मोजेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. कुणीतरी माझी कॉलर धरून मला बाजूला ओढलं. मी ढेकळांत पडून तोंडानं हवा ओढत होतो, आणि सर वही घेऊन वाकले होते.

"कितव्या आकड्याला श्वास बंद झाला?"

मला बोलता येत नव्हतं. सरांनी वहीत लिहिलं, 'उत्तर नाही.'

मला ओढणारा मुलगा म्हणजे बिरू. दुसऱ्या वर्षाला होता, जवळच्या वाडीवरचा, धनगराच्या घरचा. आज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता घरची थोडी बागायत होती. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा आडवा मुलगा, आणि बोलायला मोजका. त्या दिवशी त्यानं सरांना विचारलं, "सर, ही ग्रीक लोकं येडी व्हती का?"

"शेतकरी होते," सर म्हणाले. "पेरणी झाली की लढायचे, कापणीला परत घरी."

"आसं व्हय," बिरू म्हणाला, आणि त्याला सगळं पटल्यासारखं दिसलं. पुढं तो वाडीवरची दहा-बारा पोरं घेऊन आला.

सपाट झाकणानं माणूस गुदमरतो, मग ग्रीक का गुदमरत नसतील? या एका प्रश्नावर सर महिनाभर घुम्यासारखे फिरले, आणि त्याचं उत्तर त्यांना निमगावच्या लग्नात सापडलं. ग्रीकांची ढाल सपाट नव्हती, खोलगट होती. कढईचा वरचा काठ खांद्यावर टेकतो, खालचा मांडीवर, आणि छाती मधल्या पोकळीत मोकळी राहते. मागून कितीही रेटा आला तरी तो काठानं झेलला जातो. हे खरं होतं. मी स्वतः कढईत उभा राहिलो आहे आणि सहाऐवजी साठ आकडे मोजले आहेत, त्यामुळं एवढं मान्य करायला मला हरकत नाही. पण एवढ्यासाठी चांगल्या कपड्यांनिशी राखेत बसायची गरज नव्हती.

पौषात लग्नं नसतात. बारामती, इंदापूर आणि निमगावच्या तीन मांडववाल्यांकडून सरांनी बारा कढया गोळा केल्या. भोकं पाडायची नाहीत या अटीवर त्या मिळाल्या होत्या. म्हणून दोन्ही कड्यांना आडवा दोर बांधला, डावा हात कोपरापर्यंत दोरात आणि मुठीत कडी. भाले म्हणजे टोकाला चिंध्यांचे बोळे बांधलेले बांबू. मागच्या रांगांना कढया पुरल्या नाहीत, त्यांना पाचट भरलेली पोती दिली. ग्रीकांच्या शिरस्त्राणावर तुरा असायचा म्हणून सरांनी स्वतःच्या स्कूटरच्या हेल्मेटवर चुना मारायचा कुंचा उभा बांधला होता. ते रस्त्यानं तसेच आले. त्या दिवसापासून ते 'कढईसर' झाले, आणि बाजारात भाजीवाल्याही त्यांना त्याच नावानं ओळखायला लागल्या.

आता या रांगेतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ढाल डाव्या हातात असते. तिचा अर्धा भाग स्वतःला झाकतो आणि अर्धा डावीकडं बाहेर येतो, तो डावीकडच्या माणसाला झाकतो. म्हणजे माझी उजवी बाजू माझ्या ढालीनं झाकलेलीच नसते, ती माझ्या उजवीकडच्या माणसाच्या ढालीनं झाकलेली असते. म्हणून चालताना प्रत्येक जण नकळत उजवीकडच्याच्या ढालीआड सरकतो, आणि सगळी रांगच तिरपी होत उजवीकडं जाते. हे ग्रीकांच्याच एका जुन्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय म्हणे. सरांनी रानात चुन्याच्या फक्कीच्या सरळ रेघा मारल्या आणि आम्हाला चाळीस पावलं चालवलं. शेवटी टेप लावून मोजलं तर सगळी रांग तीन हात उजवीकडं.

सर आनंदानं लाल झाले. "तुम्ही सरकलात," ते मला म्हणाले.

"मी नाही सरकलो सर. मी रेघेवरच होतो."

"सरकणाऱ्याला कधीच कळत नाही," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.

सगळ्या रांगेच्या उजव्या टोकाला ते स्वतः उभे राहायचे. ती मानाची जागा असते असं सांगायचे. मला ते बघून हसू यायचं. कॉलेजच्या ग्रुप फोटोतही हा माणूस उजवं टोक पकडायचा. मान कशात मिळतो हे ज्याला आयुष्यभर कळलं नाही, त्यानं निदान कढयांच्या रांगेत तरी तो मिळवावा, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. माझी जागा त्यांच्या लगेच डावीकडं होती, माझ्या डावीकडं बिरू. उजव्या टोकाच्या माणसाच्या उजवीकडं कुणाचीच ढाल नसते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी त्याचा विनोदच केला असता.

पावलं जुळत नव्हती. ग्रीकांतले काही लोक बासरीच्या तालावर चालायचे असं सरांनी वाचलं होतं, पण इथं बासरी कोण वाजवणार? बिरूनं त्याच्या चुलत्याला आणलं. शिवाआबा गजीला ढोल वाजवायचे. वाडीवर जत्रेला धनगरांची गजी चालायची, रुमाल घेऊन माणसं ढोलाभोवती नाचायची. आबांनी एक साधी चाल धरली आणि पाच मिनिटांत चोवीस जणांची पावलं एक झाली. माझीसुद्धा झाली, हे सांगायला लाज वाटते.

त्या दिवशी आबांनी ढोल खाली ठेवला आणि सरांना सांगितलं, "मास्तर, ह्येक ध्यानात ठिवा. ढोल बदलला की आमची पोरं जाग्यावर वळत्यात. पाव्हना आला की आमी त्येच्या मानाचा ढोल धरतो, तवा गिरकीच आसती. ल्हानपणापास्नं पायात बसलंय त्ये, डोस्क्याला इचारत न्हाय."

"बदलायचा नाही," सर म्हणाले. "काही झालं तरी नाही. आभाळ पडलं तरी हीच चाल." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ढोलाकडं तुम्ही लक्ष द्यायचं." मी मान डोलावली. मला तेव्हा चहाची तल्लफ आली होती.

प्रात्यक्षिक ठरलं कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, संस्थेच्या अध्यक्षांसमोर. सरांना वाटत होतं, एकदा डोळ्यांनी बघितलं की कुणीतरी म्हणेल, हे लिहून काढा, छापू. मला एवढंच दिसत होतं की जूनच्या मुलाखतीला हेच अध्यक्ष बसणार आहेत. अध्यक्ष दीड तास उशिरा आले. तोवर आम्ही उन्हात कढया घेऊन उभे. सहा जणांची एक रांग, अशा चार. पुढच्या दोन रांगांत कढईवाले, म्हणजे बहुतेक वाडीवरची पोरं, मागच्या दोन रांगांत कबड्डीतली दांडगी पोरं पोती घेऊन. समोर एनसीसीची चोवीस पोरं. आणि कडेला लग्नाचं शूटिंग करणारा एक जण व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा, त्याला सरांनी आणलं होतं.

सर प्रास्ताविक करायला माईककडं गेले. हेल्मेट काखेत, कुंचा बाहेर. ते ग्रीसच्या भूगोलापासून सुरू झाले. अध्यक्षांनी शेजारच्यांशी गप्पा सुरू केल्या, मग जांभई दिली, मग घड्याळ बघितलं. मी रांगेतून बघत होतो. हा माणूस उठून जाणार, आणि जाताना त्याच्या लक्षात राहणार की कढया घेऊन उभ्या असलेल्या खुळ्यांत मीही होतो. काहीतरी रंगत आणायला हवी होती. मी रांग सोडली, कढई तशीच हातात घेऊन आबांपाशी गेलो.

"आबा, पाहुणे आलेत. चालताना मध्ये एकदा मानाचा ढोल होऊ द्या."

"सर नगं म्हणलं व्हतं."

"मी सांगतोय ना."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "बगा बुवा," म्हणाले. मी परत येऊन जागेवर उभा राहिलो. कुणाला कळलं नाही, असं मला वाटलं. सर माईक सोडून आले, हेल्मेट घातलं आणि माझ्या उजवीकडं उभे राहिले.

ढोल सुरू झाला. तीस पावलं आम्ही सुरेख गेलो, हे मी आजही म्हणेन. प्रेक्षक गप्प झाले होते. अध्यक्ष खुर्चीत पुढं झुकले होते. समोरचं पोरगं घाबरलेलं मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्या क्षणी मला वाटलं, आपण खरोखरच त्याच्यावर जाऊन आदळणार. तेवढ्यात ढोल बदलला.

पुढच्या दोन रांगांतली वाडीवरची सगळी पोरं एका पायावर गर्रकन वळली. अगदी झोकात. मागच्या दोन रांगा पोती पुढं करून रेटत येत होत्या, त्यांच्यासमोर अचानक पाठींच्या जागी तोंडं आली. मग जे झालं त्याला लढाई म्हणता येत नाही. कढया कढयांवर आपटल्या, माणसावर माणूस पडला, आणि त्या सगळ्या ढिगाखाली बिरू. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, ते पुढं वाकडंच जुळलं. मी काय केलं? मी बाजूला झालो. न वळता सरळ पुढं गेलेला माणूस एकच होता. मागं काय झालं ते सरांना कळलंच नाही. ते एकटेच कढई घेऊन एनसीसीच्या चोवीस पोरांवर चालून गेले. त्या पोरांनाही एकट्या माणसाचं काय करावं ते कळेना. एकानं हळूच बांबू लावला आणि सर खाली बसले. मांडवात बायकांकडून हशा उठला.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत चौकशी. टेबलापलीकडं अध्यक्ष आणि प्राचार्य. अलीकडं दोन खुर्च्या, उजवीकडच्या खुर्चीत सर, डावीकडच्या मी. आबा हातात टोपी घेऊन दाराशी उभे.

"ढोल का बदलला?" अध्यक्षांनी आबांना विचारलं.

"सांगितलं तसं वाजिवलं."

"कुणी सांगितलं?"

आबा बोलायच्या आत सर म्हणाले, "मी सांगितलं." शांतपणे, हजेरी दिल्यासारखं. "प्रयोग माझा होता. ढोल बदलायलाही मीच सांगितलं."

आबा खाली बघत राहिले. चौकशी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी खुर्ची सरांच्या खुर्चीला येऊन टेकली आहे. आत आलो तेव्हा दोन्हींत हातभर अंतर होतं. मी ती कधी सरकवली ते मला आजही आठवत नाही.

सरांना संस्थेच्या लांबच्या एका हायस्कूलवर पाठवलं, आठवी-नववीला शिकवायला. जाण्याआधी त्यांनी माझ्या शिफारशीचं पत्र लिहून प्राचार्यांकडं दिलं होतं. जूनमध्ये मी पक्का झालो, दिवाळीनंतर लग्न झालं, पुढं यथावकाश विभागप्रमुखही झालो. मनाला टोचणी लागली नाही असं नाही, पण मी स्वतःला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. एक, तो प्रमुख होता, प्रयोग त्याचा होता, त्यानं जबाबदारी घेतली यात उपकार कसले? आणि दुसरी, त्याला कळलंच नव्हतं की मी रांग सोडून गेलो होतो. तो माईकवर ग्रीसचे डोंगर सांगत होता. ही दुसरी गोष्ट मला फार उपयोगी पडली. तिच्यावर मी बरीच वर्षं निवांत झोपलो.

मध्ये एकदा ते बारामतीच्या स्टँडवर भेटले. मला बघून आले आणि सवयीनं वळसा घालून माझ्या उजव्या हाताला उभे राहिले. "रांग कुठं फुटली, ते तुमच्या लक्षात आलं का?" त्यांनी विचारलं. "तिसऱ्या रांगेत," तेच पुढं म्हणाले. "मी ती कॅसेट पुष्कळदा बघितली. मागचा माणूस पुढच्याची पाठ बघून चालतो. पाठ दिसतेय तोवर तो रेटतो. तोंड दिसलं की त्याचे हात गळतात. ग्रीकांचंही हेच होत असणार." तेवढ्यात त्यांची गाडी लागली. दुसऱ्या दिवशी हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं: येड्याला हायस्कूलवर टाकलं तरी येड गेलं नाही. सगळे हसले.

इतकी वर्षं मी सरांना असंच सांगत आलो. कढईसरांची गोष्ट सांगावी तर मीच, अशी माझी ख्याती झाली. आता दुसऱ्या सुरात सांगू म्हटलं तर जमत नाही, जीभ त्याच वळणावर जाते.

सर वारले तेव्हा शोकसभेत बोलायला अर्थातच मला बोलावलं. सुरुवातीला दोन गंभीर वाक्यं बोललो, आणि मग लोकांचे चेहरे बघून राहवलं नाही. पंगत सांगितली, राख सांगितली, हेल्मेटवरचा कुंचा सांगितला, चोवीस जणांवर एकटाच चालून गेलेला माणूस सांगितला. लोक डोळे पुसत हसत होते. सरांच्या बायकोही पदर तोंडाला लावून हसल्या. मी घाम पुसत बाहेर आलो.

बाहेर मोटरसायकलला टेकून बिरू उभा होता. एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात तो कामाला आहे, ड्यूटी संपवून थेट आला होता. त्याचा एक खांदा अजून खाली झुकलेला आहे.

"चांगलं बोललासा," तो म्हणाला. मग थोडा वेळ किल्लीशी चाळा करत राहिला. "आबा लई वेळा सांगायचा. तुमी रांग सोडून त्याच्याकडं आला व्हता त्ये."

मी म्हणालो, "सरांना ते माहीत नव्हतं."

"म्हायती नव्हतं कसं? माईकवरनं बगितलं की त्यांनी. त्याच दिशी दवाखान्यात आलं मला बगायला, आबा तितंच व्हता. आबाला म्हणलं, त्येचं नाव घिऊ नगा, जूनमदी त्येचं पक्कं व्हायचंय. आबा म्हणला, आन् तुमचं वो मास्तर? तर म्हणलं..." बिरू आठवायला थांबला. "म्हणलं, तो माज्या डाव्या अंगाला उभा व्हता."

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. किल्ली लावली, झुकत्या खांद्यानं गाडी सरळ केली आणि गेला. आत पुढचे वक्ते बोलायला उभे राहिले होते. ते माझीच कढईची गोष्ट पुन्हा सांगत होते, आणि लोक पुन्हा हसत होते.